आफ्रिकेतील मलेरियाची लस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आफ्रिकेत लहान मुलांना मलेरियाची लस द्यायला सुरुवात झाली आणि त्यातली एक लस पुण्यात बनते, एवढे बहुतेकांनी वाचलेले असते. ती कोणाला देतात, किती उपयोगी पडते, कुठे अडते आणि पैसे कोण मोजतो, यावर वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

हिवताप आपल्याकडेही होतो. मग आफ्रिकेचेच एवढे का?

आकडे पाहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगात मलेरियाचे सुमारे २६.३ कोटी रुग्ण झाले आणि ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. यातले ९५ टक्के मृत्यू संघटनेच्या आफ्रिका विभागातले आणि त्या मृतांमध्ये चारांतली तीन पाच वर्षांखालची मुले. एकट्या नायजेरियाचा वाटा जगातल्या मृत्यूंच्या ३० टक्क्यांवर जातो. त्याखालोखाल काँगो लोकशाही प्रजासत्ताक.

कारण गरिबी आहेच, पण सगळा दोष तिच्या माथी मारून चालत नाही. तिथला मुख्य डास ॲनोफिलिस गॅम्बी हा माणसाच्या रक्ताला चटावलेला आहे. आपल्या खेड्यांतला क्युलिसिफेसिस डास बऱ्याचदा गुरांवर भागवतो, गॅम्बी शक्यतो माणूसच शोधतो. शिवाय तिथला परजीवी बहुतांशी प्लाझ्मोडियम फॅल्सिपेरम, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा, जीव घेणारा प्रकार. व्हायवॅक्स हा आपल्या ओळखीचा, पुन्हापुन्हा उलटणारा प्रकार तिथे कमी. सतत चावे खाऊन मोठ्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती येते. लहानग्याकडे ती नसते, म्हणून मरतो तो लहानगाच. लस मुलांनाच का, याचे उत्तरही यातच आहे.

लशी दोन आहेत म्हणतात. फरक काय?

पहिली आरटीएस,एस. व्यापारी नाव मॉस्क्विरिक्स, कंपनी ग्लॅक्सोस्मिथक्लाइन. तिच्यावर काम १९८७ च्या सुमारास सुरू झाले आणि जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली ६ ऑक्टोबर २०२१ ला. मधली चौतीस वर्षे प्रयोगशाळा, चाचण्या आणि पैशांची जुळवाजुळव यांत गेली. मलावी, घाना आणि केनिया या तीन देशांत २०१९ पासून पथदर्शी वापर झाला आणि त्यात वीस लाखांवर मुलांना ती मिळाली.

दुसरी आर२१/मॅट्रिक्स-एम. रचना ऑक्सफर्ड विद्यापीठाची, लशीचा जोर वाढवणारा घटक नोवाव्हॅक्सचा, उत्पादन पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचे. घानाने एप्रिल २०२३ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आधीच, तिला मंजुरी दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये संघटनेची शिफारस आली, डिसेंबरात पूर्वपात्रता, म्हणजे दर्जा तपासून दिलेली मान्यता. ही पूर्वपात्रता नसेल तर युनिसेफ लस विकत घेऊ शकत नाही. नियमित लसीकरणात आर२१ प्रथम जुलै २०२४ मध्ये आली, कोत दिव्वार आणि दक्षिण सुदानमध्ये.

परिणामात दोघींमध्ये मोठे अंतर असल्याचा पुरावा नाही, कारण त्यांची समोरासमोर चाचणी झालेली नाही. फरक पडतो तो उपलब्धता, किंमत आणि हाताळणीत. आरटीएस,एसची पूड आणि तिचा द्रव वेगवेगळ्या बाटल्यांत येतात, ते केंद्रावर मिसळावे लागतात. आर२१ तयार द्रवरूपात येते. रांगेत पन्नास आया उभ्या असताना हा फरक लहान राहत नाही.

लस नेमके काय करते?

डास चावतो तेव्हा त्याच्या लाळेतून स्पोरोझोइट नावाचे परजीवी त्वचेत उतरतात आणि साधारण अर्ध्या तासात यकृत गाठतात. तिथे ते हजारोंनी वाढतात आणि मग रक्तात येऊन थंडीताप आणतात. दोन्ही लशी स्पोरोझोइटच्या अंगावरच्या एका प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार करतात. अडवायचे ते यकृतापर्यंतच्या वाटेवर, त्या अर्ध्या तासात. एखादा निसटून यकृतात शिरला तर या लशीचा तिथे जोर नाही.

म्हणून रक्तात प्रतिपिंडांची पातळी कायम खूप वर असावी लागते. काही महिन्यांत ती उतरते आणि संरक्षणही तिच्याबरोबर उतरते. चौथ्या डोसची गरज इथून येते. गोवर किंवा पोलिओच्या लशीसारखे वर्षानुवर्षे टिकणारे संरक्षण ही लस देत नाही. मॅट्रिक्स-एम हा जोर वाढवणारा घटक चिलीतल्या किलाया या झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून बनतो.

‘७५ टक्के परिणामकारक’ म्हणजे शंभरातली पंचाहत्तर मुले सुरक्षित का?

नाही. सर्वांत जास्त गैरसमज याच आकड्याचा होतो. बुर्किना फासो, माली, केनिया आणि टांझानिया या देशांत सुमारे ४८०० मुलांवर आर२१ची तिसऱ्या टप्प्यातली चाचणी झाली. मलेरिया पावसाळ्यापुरता असतो अशा ठिकाणी, मोसमाच्या तोंडावर तीन डोस दिल्यावर वर्षभरात लस घेतलेल्या मुलांमध्ये मलेरियाचे आजारपण ७५ टक्क्यांनी कमी दिसले. बारमाही मलेरियाच्या ठिकाणी ६८ टक्क्यांनी. हा एका वर्षाचा आकडा आहे. पुढे तो घटतो. आरटीएस,एसच्या मोठ्या चाचणीत चार डोस घेतलेल्या मुलांना सुमारे चार वर्षे पाहिले तर घट ३६ टक्के भरली.

छत्तीस ऐकून नाक मुरडण्याआधी एवढे लक्षात घ्या की साहेल या सहारा वाळवंटाच्या दक्षिणेच्या पट्ट्यातले एक मूल एका पावसाळ्यात दोन-दोन, तीन-तीनदा तापाने फणफणते. प्रत्येक वेळी रक्त कमी होते, दवाखान्याचा फेरा पडतो, बापाचा रोज बुडतो. त्यातली एक-दोन आजारपणे टळली तरी घरात फरक जाणवतो. तीन देशांतल्या पथदर्शी वापरात, लशीच्या वयातल्या मुलांमध्ये सर्व कारणांनी होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी घटले. यात अपघाती मृत्यू मोजलेले नाहीत. बालमृत्यूत एका लशीने १३ टक्के घट पाडणे ही फार मोठी गोष्ट आहे. ७५ टक्क्यांचे मथळे छापण्यापेक्षा हा १३ चा आकडा छापायला हवा होता, असे आमचे मत आहे.

किती डोस? कोणत्या वयात?

चार. पहिला साधारण पाचव्या महिन्यापासून. पहिल्या तीन डोसांत किमान चार-चार आठवड्यांचे अंतर, चौथा तिसऱ्यानंतर सहा ते अठरा महिन्यांनी. प्रत्येक डोस अर्धा मिलिलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. मलेरिया अगदी मोसमी असेल, किंवा दुसऱ्या वर्षानंतरही धोका मोठा राहत असेल, तिथे पाचवा डोस देता येतो.

पण देशागणिक वेळापत्रक वेगळे आहे. नायजेरियात ५, ६, ७ आणि १५ महिने. युगांडात ६, ७, ८ आणि १८. केनियाने ६, ७, ९ आणि २४ असे धरले. डोस चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची नाही, जिथे थांबला तिथून पुढे द्यायचा. सुरुवात केली त्याच लशीने शेवट करावा. ती नसेल किंवा आधी कोणती दिली हे कळत नसेल तर हाती असेल ती द्यावी. कुपोषित मूल असो वा एचआयव्हीबाधित, लस देता येते. किंबहुना त्यांना गरज जास्त. किरकोळ सर्दी-खोकला हे परत पाठवायचे कारण नाही.

केंद्रावर काय चुकते?

पहिली चूक थंडीची, आणि ती जास्त थंडीची. लस २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठू द्यायची नाही. डीप फ्रीझरमधून काढलेले आइसपॅक तसेच व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये भरले की त्यांना टेकलेल्या बाटल्या गोठतात. आइसपॅक बाहेर काढून ठेवायचा, हलवून पाहायचा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला की मगच भरायचा. घाईच्या सकाळी ही दहा-पंधरा मिनिटे वाचवली जातात आणि दिवसभराची लस वाया जाते. गोठलेली पेंटा (पाच रोगांवरची एकत्रित लस) ओळखायला आपल्याकडच्या एएनएम ताईंना ‘शेक टेस्ट’ शिकवलेली असते. ती ॲल्युमिनियम असलेल्या लशींसाठी. मलेरियाच्या या दोन लशींमध्ये तो घटक नाही, त्यामुळे गोठल्याचा संशय आला की बाटली फेकणे एवढाच उपाय.

दुसरी चूक बाटलीवरच्या खुणेची. वर्तुळात एक चौकोन असतो. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तोवर लस वापरायची. रंग एक झाला किंवा चौकोन गडद झाला की उष्णतेने लस गेली.

तिसरी, उघडलेल्या बाटलीची. दोन डोसांची बाटली उघडली की सहा तासांत किंवा सत्र संपताच, जे आधी होईल तेव्हा, टाकून द्यायची. समोर एकच बाळ असते आणि बाटली उघडायला जीव धजत नाही. ‘वाया जाईल, पुढच्या मंगळवारी या’ असे सांगून आईला परत पाठवले जाते. ती आई आठ-दहा किलोमीटर चालत आलेली असते आणि पुढच्या मंगळवारी येत नाही. नियम उलटा आहे. एका बाळासाठीही बाटली उघडायची.

आणि चौथी, कार्डाची. जुन्या छापील कार्डावर मलेरियाच्या लशीचा रकानाच नसतो. मग कोपऱ्यात पेनने तारीख लिहिली जाते आणि पुढच्या वेळी ती कुणाला दिसत नाही.

चौथ्या डोसला मुले का गळतात?

कारण या लशीच्या तारखा बाकीच्या लशींच्या तारखांशी जुळत नाहीत. बाळाची पहिली वारी दीड, अडीच, साडेतीन महिन्यांवर होते, पेंटा आणि पोलिओसाठी. नंतर थेट नवव्या महिन्यात गोवर. मधल्या पाचव्या, सहाव्या, सातव्या महिन्यांत पूर्वी कुणाला केंद्रावर जावेच लागत नव्हते. मलेरियाच्या लशीसाठी नव्या फेऱ्या घालाव्या लागल्या. तिसऱ्या डोसपर्यंत आया निभावून नेतात, कारण बाळ कडेवर असते. चौथ्यापर्यंत ते दुडुदुडु धावायला लागलेले असते, बऱ्याच घरांत पुढचे बाळ पोटात असते, आणि ‘सगळे डोस झाले’ असा समज पक्का झालेला असतो.

घानाने यातून धडा घेतला. चौथा डोस २४ व्या महिन्यावरून १८ व्यावर आणला, कारण गोवर-रुबेलाचा दुसरा डोस तेव्हाच असतो. एका फेरीत दोन कामे. युगांडाने सुरुवातच १८ व्या महिन्याने केली. आमच्या मते चौथा डोस कधी ठेवायचा याचा विचार करताना प्रतिपिंडांच्या आलेखाइतकेच वजन आईच्या फेऱ्यांना द्यायला हवे. थोडा लवकर पण खरोखर मिळालेला डोस, अचूक तारखेच्या पण न मिळालेल्या डोसापेक्षा बरा.

दुसरी अडचण पावसाची. मलेरियाचा मोसम आणि शेतीचा हंगाम एकच. बाळाला लशीची सगळ्यांत जास्त गरज असते तेव्हा आई भुईमुगाच्या नाहीतर मक्याच्या शेतात असते आणि रस्ते चिखलात. म्हणून मोसमी पट्ट्यात डोस पावसाच्या आधी उरकायचा प्रयत्न असतो.

दुष्परिणाम किती?

ताप, टोचल्या जागी सूज आणि दुखणे, चिडचिड. दोन-तीन दिवसांत उतरते. लस घेतल्यावर आठवडाभरात तापामुळे झटका येण्याचे प्रमाण किंचित वाढते, म्हणून ताप आल्यास पॅरासिटामॉल कसे द्यायचे ते आईला नीट सांगावे लागते. आरटीएस,एसच्या जुन्या चाचणीत मेंदूज्वर, मेंदूचा मलेरिया आणि मुलींमधले मृत्यू याबाबत शंका उपस्थित झाल्या होत्या. पथदर्शी वापर त्यासाठीच आखला होता. लाखो मुलांच्या नोंदींत त्या शंका खऱ्या ठरल्या नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. लशीनंतरचा प्रत्येक ताप लशीचाच असतो असे नाही. मलेरियाच्या गावात तो मलेरियाही असू शकतो. चोवीस तासांत उतरला नाही तर चाचणी करायची.

लस आली, आता मच्छरदाणी कशाला?

लस हे औषधी मच्छरदाणीवरचे दुसरे पांघरूण आहे, मच्छरदाणी सोडून चालणार नाही. बुर्किना फासो आणि मालीतल्या अभ्यासात नुसती लस, नुसत्या मोसमी प्रतिबंधक गोळ्या आणि दोन्ही एकत्र अशी तुलना झाली. दोन्ही एकत्र घेणाऱ्या मुलांमध्ये मलेरियाची आजारपणे कोणत्याही एका उपायापेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी कमी राहिली.

या गोळ्यांची मोहीम आपल्याकडे फारशी माहीत नाही. साहेलमध्ये पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांत ३ ते ५९ महिन्यांच्या मुलांना दर महिन्याला घरोघरी जाऊन तीन दिवसांचा कोर्स देतात. पहिल्या दिवशी सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामाइन आणि ॲमोडायाक्विन, नंतर दोन दिवस नुसते ॲमोडायाक्विन. पहिला डोस कार्यकर्त्यासमोर, बाकीचे दोन आईने घरी. गोळी कडू. अर्ध्या तासात मुलाने ओकून टाकली तर पुन्हा द्यावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मूल खेळताना दिसले की उरलेल्या गोळ्या कुठल्या तरी डब्यात जातात, ‘कुणाला ताप आला तर उपयोगी पडतील’ म्हणून. आपल्या घरांतही अर्धवट राहिलेल्या अँटिबायोटिकचे असेच होते.

मच्छरदाण्यांवर पायरेथ्रॉइड हे कीटकनाशक असते आणि डास त्याला सरावले आहेत. म्हणून आता पीबीओ किंवा क्लोरफेनापायर हे दुसरे रसायन मिसळलेल्या जाळ्या देतात. औषधांच्या बाजूलाही कुरबुर आहे. रवांडा, युगांडा, टांझानिया आणि इरिट्रियात आर्टेमिसिनिन या मलेरियावरच्या मुख्य औषधाला अंशतः दाद न देणारा परजीवी सापडला आहे. संयुक्त गोळ्या अजून काम करतात, पण परजीवी मरायला वेळ लागू लागला आहे. इथिओपिया, इरिट्रिया आणि जिबूतीत परजीवीतले एक प्रथिन गायब झाल्याने काही रॅपिड किट मलेरिया असूनही ‘निगेटिव्ह’ दाखवतात.

आणि एक पाहुणा आपल्याकडचा. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलिस स्टीफेन्सी २०१२ मध्ये जिबूतीत सापडला. २०१२ साली तिथे मलेरियाचे अवघे २७ रुग्ण होते, २०२० मध्ये ते ७३ हजारांवर गेले. गॅम्बी डबक्यांत वाढतो, हा शहरातल्या पिंपांत आणि टाक्यांत. मुंबई महापालिका टाक्यांना घट्ट झाकण आणि शिडी असावी म्हणून नोटिसा देते. तेच काम आता आफ्रिकेतल्या शहरांना शिकावे लागते आहे.

पैसे कोण देते?

मुख्यतः गावी ही लशींसाठीची जागतिक आघाडी. खरेदी युनिसेफ करते, देश स्वतःचा छोटा वाटा घालतो. आरटीएस,एसचा डोस सुरुवातीला ९.३० युरोला होता. आर२१ चार डॉलरच्या आत आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती २.९९ डॉलरवर आणण्याचा करार जाहीर झाला. म्हणजे चार डोसांचे एका मुलामागे बारा डॉलर. यात वाहतूक, शीतसाखळी आणि माणसांचा खर्च धरलेला नाही.

२०२३ मध्ये अडचण वेगळी होती. लसच पुरेशी नव्हती. बारा देशांत मिळून २०२३ ते २०२५ साठी १ कोटी ८० लाख डोस वाटून द्यावे लागले. सीरमची क्षमता वर्षाला दहा कोटी डोसांपर्यंत जाऊ शकते म्हटल्यावर तुटवडा संपला, आणि खिशाचा प्रश्न उरला. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली, जुलैत यूएसएड बंद झाले. जगातल्या मलेरियाविरोधी खर्चात २०१० ते २०२३ या काळात अमेरिकेचा वाटा सुमारे ३७ टक्के होता. जून २०२५ मध्ये अमेरिकेने गावीला पुढे पैसे देणार नसल्याचे सांगितले. गावीला पाच वर्षांसाठी ११.९ अब्ज डॉलर हवे होते, आश्वासने मिळाली नऊ अब्जांहून थोडी जास्त. मुळात २०२३ मध्येही मलेरियासाठी लागणाऱ्या ८.३ अब्ज डॉलरपैकी चारच अब्ज जमले होते.

दोष फक्त वॉशिंग्टनचा म्हणता येत नाही. २००१ मध्ये अबुजा इथे आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी अंदाजपत्रकाचे किमान १५ टक्के आरोग्यावर खर्च करण्याचे वचन दिले. ते पाळणारे देश बोटांवर मोजण्याएवढे. आरोग्यसेविकेचा पगार, मोटारसायकलचे पेट्रोल, फ्रीजची दुरुस्ती या गोष्टी देणगीदाराला मिरवता येत नाहीत. त्या देशाच्याच तिजोरीतून यायला हव्यात.

लस आफ्रिकेतच का बनवत नाहीत?

आफ्रिका वापरते त्या लशींपैकी जेमतेम एक टक्का तिथे बनतात. डाकारच्या पाश्चर संस्थेत पीतज्वराची लस बनते, दक्षिण आफ्रिकेत बायोव्हॅक आहे, पण बाकी आयात. कोविडमध्ये याची किंमत कळली. मार्च २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली, सरकारने निर्यात थांबवली आणि गरीब देशांना कोविडची लस पुरवणाऱ्या कोव्हॅक्स योजनेची सीरमवर बेतलेली सगळी आखणी कोलमडली. आपल्या बाजूने पाहिले तर घरात आग लागलेली होती. त्यांच्या बाजूने पाहिले तर शब्द दिलेली लस आली नाही. आफ्रिकी नेते हे अजून विसरलेले नाहीत. २०४० पर्यंत ६० टक्के लशी खंडातच बनवायच्या, हे आफ्रिकी संघाचे उद्दिष्ट याच अनुभवाने नेटाने पुढे आले. गावीने त्यासाठी २०२४ मध्ये १.२ अब्ज डॉलरपर्यंतची योजना काढली. कारखाना उभा राहील, खरी परीक्षा पहिल्या दहा वर्षांची आहे. पुण्याच्या भावात डोस विकता येत नसेल तर घेणार कोण?

पुण्याचे आफ्रिकेशी नाते मात्र कोविडच्या आधीचे. मेनाफ्रिव्हॅक ही मेंदूज्वराची लस सीरमने अर्ध्या डॉलरच्या आत दिली. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोपासून मोहीम सुरू झाली आणि ज्या ‘अ’ प्रकाराच्या साथी सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्याला झोडपत, तो जवळजवळ नाहीसा झाला. आर२१वर जो भरवसा ठेवला गेला त्याचे एक मूळ तिथे आहे.

बंड, युद्ध असलेल्या देशांत हे कसे चालते?

अडखळत, पण चालते. सुदानमध्ये यादवी चालू असताना नोव्हेंबर २०२४ मध्ये गेदारेफ आणि ब्लू नाइल या राज्यांत लस सुरू झाली. बुर्किना फासो तर विरोधाभासाचा नमुना. आर२१च्या महत्त्वाच्या चाचण्या तिथल्या नानोरोत झाल्या आणि लष्करी राजवटीतही लसीकरण चालू राहिले. त्याच सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये जनुकबदल केलेल्या डासांचा प्रकल्प थांबवला. सार्वभौमत्वाच्या भाषेत परदेशी पैशावरचा डास संशयित ठरला, लस ठरली नाही. यामागे विज्ञानापेक्षा राजकारण जास्त आहे.

कुठला देश मलेरियामुक्त झाला आहे का?

हो. मोरोक्को २०१० मध्ये, अल्जीरिया २०१९ मध्ये, काबो व्हर्दे जानेवारी २०२४ मध्ये, इजिप्त ऑक्टोबर २०२४ मध्ये. पण हे वाळवंटाच्या उत्तरेचे किंवा बेटांवरचे देश. या लशींशिवायच मुक्त झाले. नायजेरियाची तुलना त्यांच्याशी करू नये.

मग गडचिरोलीत ही लस का देत नाहीत?

महाराष्ट्रातल्या मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे आणि तिथे फॅल्सिपेरमही भरपूर, म्हणून प्रश्न रास्त आहे. पण भारताच्या राष्ट्रीय लसीकरणात ही लस नाही. देशभर पाहिले तर व्हायवॅक्सचा वाटाही मोठा आणि या लशी व्हायवॅक्सवर चालत नाहीत. शिवाय आपल्याकडे आजारी पडणाऱ्यांत मोठी माणसेही बरीच, जंगलात जाणारी, तेंदूपाने तोडणारी. पाच महिन्यांच्या बाळाला टोचून त्यांचे रक्षण होत नाही. भामरागडसारख्या तालुक्यात लवकर चाचणी, पूर्ण उपचार आणि जाळ्या यांतून आज जास्त मिळते.

नोकरीसाठी लागोसला (किंवा कंपालाला, दार-एस-सलामला) चाललो आहे. लस मिळेल का?

नाही. प्रवाशांसाठी आणि प्रौढांसाठी ती नाही. तुम्हाला लागतात प्रतिबंधक गोळ्या, आणि त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. डॉक्सिसायक्लिन रोज १०० मिलिग्रॅम, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर चार आठवड्यांपर्यंत. जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, नाहीतर अन्ननलिका जळते. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा. परत आल्यावर ‘आता घरीच आहे’ म्हणून गोळ्या सोडणे ही नेहमीची चूक.

नायजेरिया, घाना, केनिया, युगांडा यांसारख्या देशांसाठी पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या, प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासूनच वैध होते. ते नसेल तर परतताना भारतातल्या विमानतळावरून थेट सहा दिवसांच्या विलगीकरणात जावे लागू शकते.

मुले बरोबर असतील आणि तुम्ही तिथेच राहणार असाल तर स्थानिक केंद्रात विचारा. नैरोबीत लस मागू नका. शहर उंचावर आहे, तिथे मलेरिया जवळजवळ नाही आणि केनियात लस व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूच्या पश्चिम भागात देतात.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. डॉक्टरांनी विचारो वा न विचारो, ‘मी आफ्रिकेतून आलो आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा. पावसाळ्यात इथे डेंग्यू आणि व्हायरल तापाची गर्दी असते, त्यात फॅल्सिपेरम दोन दिवस लपून राहिला तर मूत्रपिंडापर्यंत आणि मेंदूपर्यंत जातो. स्मिअर (काचपट्टीवरच्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) निगेटिव्ह आला आणि ताप हटला नाही तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करा, तीनदा होईपर्यंत.